रोमा ढिगाऱ्यावर बसली तेव्हा

मी लष्कराच्या डॉग युनिटमध्ये नायक होतो. मी चाकूरचा, लान्स नायक सलीम शेख उदगीरचा. शोधकामाची लॅब्राडोर कुत्री रोमा त्याच्या ताब्यात होती आणि मी त्याचा जोडीदार. रोमा कामाला पक्की. फक्त ढग गडगडले की थरथरायची आणि खाली बसायची.

आज लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझं घर आहे. वळवाच्या दिवसांत शेजारी विचारतात, "काका, कुत्रं लई घाबरून राहिलंय, झोपेची गोळी देऊ का?" त्यांना मी आमच्या व्हेटर्नरी कॅप्टनसाहेबांनी शिकवलेलं सांगतो. नुसतं गुंगीचं औषध कुत्र्याला निपचित पाडतं, आतली भीती तशीच राहते. भीती कमी करणारी गोळी वेगळी. ती गडगडाटाच्या आधी द्यावी लागते आणि तिनंही थोडी गुंगी येऊन पाय लटपटू शकतात. फारच घाबरणाऱ्या कुत्र्याला रोजची गोळी असते, तिचा गुण यायला काही आठवडे जातात. कोणती आणि किती, हे डॉक्टरनं कुत्रं तपासून ठरवायचं. माणसांच्या डब्यातली गोळी मनानं द्यायची नाही.

लातूरच्या भूकंपात आमचं युनिट बचावकामाला आलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी वायरलेस आला. "शाळेमागचा ढिगारा. दत्तू शिंपी बेपत्ता. डॉग टीम पाठवा. ओव्हर."

आम्ही पोचलो तेव्हा आभाळ भरलं होतं. दत्तूची बायको दगडांकडं बघत उभी होती.

मी विचारलं, "साहेब, रोमाला गोळी देऊ?"

"नाही," कॅप्टनसाहेब म्हणाले. "दगडांवर पाय लटपटले तर पडेल. आणि गुंगीनं बसली तर आपण काय समजायचं?"

कारण माणूस सापडला की रोमा बसूनच दाखवायची.

पहिला गडगडाट झाला. रोमा थरथरली, तरी चढत राहिली. दुसऱ्या गडगडाटाला ती मधेच बसली.

गावातला एक जण म्हणाला, "कुत्रं भेलंय. ते काय दावणार?"

सलीम जागचा हलला नाही. "साहेब, भेली की ती माझ्याकडं बघती. आता खाली बघून राहिली."

कॅप्टनसाहेबांनी एकदा रोमाकडं पाहिलं. "खणा. हातांनी."

पावसात खणलं. दत्तू जिवंत निघाला. एक पाय चेंगरला होता. स्ट्रेचरवरून म्हणाला, "माझी मशीन बी काढा हो."

बायको रडता रडता ओरडली, "गप पडा! मशीन म्हणं!"

काम संपल्यावर साहेबांनी रोमाला गोळी दिली. बाहेर अजून गडगडत होतं. ट्रकमध्ये सलीम तिला कवेत घेऊन बसला. एवढ्या भीतीत आपलं काम चोख करणारं दुसरं कुणी मी नोकरीत पाहिलं नाही.

पुढं काही वर्षांनी सलीम काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात शहीद झाला. पार्थिव उदगीरला आलं. कब्रस्तानात गर्दीतून दत्तू पुढं आला. कुबडी माझ्या हातात दिली, कबरीशेजारी खाली बसला आणि ओंजळीनं सलीमला माती दिली.