एका पायावर, मिठागरात आणि बोहल्यावर

सकाळच्या पहिल्या बसने नाशिक सोडलं तेव्हा मला एकच सूचना होती: तिघांचं काम बघायचं, मधे पडायचं नाही. संध्याकाळपर्यंत मी तिन्ही ठिकाणी पडले होते. त्यातल्या दोन ठिकाणी अगदी अंगाने.

आमच्या इथल्या एका कॉलेजच्या नीतिसमितीवर मी आहे. माणसांना घेऊन किंवा माणसांच्या जागेत जाऊन काही संशोधन करायचं, तर आधी ही समिती परवानगी देते. समितीत डॉक्टर असतात, वकील असतात, प्राध्यापक असतात, आणि नियमानुसार एक ‘सामान्य व्यक्ती’ असावी लागते. ती मी. आमचं पाण्याच्या मोटारींचं आणि पाइपचं दुकान आहे. संशोधनाशी माझा संबंध नाही, हीच माझी पात्रता. माझ्यासमोर कागद ठेवतात आणि विचारतात, “सुलभाताई, हे सामान्य माणसाला कळेल का?” मी वाचते. मला कळलं तर महाराष्ट्राला कळलं, असं धरलं जातं.

कॉलेजचे तीन विद्यार्थी मीरा-भाईंदरला काम करत होते. एक तब्येतीचं, एक विज्ञानाचं आणि एक डिजिटल कलेचं. पहिल्या दोघांची नुसती पाहणी होती. तिसरीचं, गार्गीचं, काम मात्र बंद पडायच्या बेतात होतं. तिला डोंगरी गावातल्या एका बाईंचं गाणं हवं होतं, त्या आवाजावरून संगणकावर हलती चित्रं करायची होती, आणि बाई गायला तयार नव्हत्या. समितीने एकदा मुदत वाढवून दिली होती. या खेपेलाही गाणं मिळालं नाही तर विषय रद्द, मुलीची सगळी मेहनत पाण्यात. “मुळात हे संशोधन आहे का, तेही बघून या,” असं सचिवबाईंनी मला सांगितलं. मला वाटत होतं, नाहीच.

घोडबंदर रस्त्याने बस काशीमिऱ्याला आली. तिथे उतरून रिक्षाने पेणकरपाड्याला गेले. पाडा म्हणून मी झाडं, कौलं वगैरे शोधत होते. इमारतीला इमारत लागलेली, आणि मधल्या फटीत एक जुनं देऊळ अंग चोरून उभं. एका सोसायटीच्या ऑफिसात आसिफ भेटला. फिजिओथेरपी शिकतोय. चाळिशीपुढच्या बायका घरात पडतात का आणि कशा, हा त्याचा विषय. तो त्यांना डोळे मिटून एका पायावर उभं करतो आणि किती वेळ टिकतात ते बघतो.

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढंच, मॅडम. तुम्ही करून बघताय का?”

मी रोज दुकानात शिडीवर चढते. मी चप्पल काढली, डोळे मिटले, पाय उचलला आणि सरळ चपलांच्या स्टँडवर गेले. स्टँड माझ्यावर आला. पुढच्या नंबरच्या चेतनाबेन सत्तरीच्या होत्या. त्यांनी मला उठवलं, पदर खोचला आणि त्याच जागी बगळ्यासारख्या उभ्या राहिल्या. डोळे मिटूनच मला म्हणाल्या, “रोज करने का, बेन. दूध गरम होता है ना, तब तक एक पाँव पे.” मग त्यांनी डब्यातला थेपला आणि छुंदा (किसलेल्या कैरीचा गोड मुरंबा) दिला. मी तो बसून खाल्ला.

आसिफने माझा आकडा कुठे लिहिला नाही. मी नाशिकची असल्यामुळे धरता येत नाही म्हणाला. मुलगा सभ्य आहे.

तिथून भाईंदर पश्चिमेला आणि पुढे मोरव्याला. इथे रस्ता एकदम मोकळा होतो. आभाळ दिसतं. मिठागरं बरीचशी पडीक झाली आहेत, पण काही ठिकाणी अजून पाणी अडवलेलं होतं आणि ते पाणी चक्क गुलाबी होतं. लग्नाच्या हॉलमधल्या सरबतासारखं. प्रथमेश नावाचा मुलगा बाटलीत ते भरून घेत होता.

“ताई, हा रंग जिवंत आहे,” तो म्हणाला. इतक्या खारट पाण्यात काही जगू नये, तरी डोळ्यांना न दिसणारे जीव तिथे मजेत राहतात आणि रंग त्यांचा असतो, असं त्याने समजावलं. ते मिठाला कसे पुरून उरतात, ते त्याला शोधायचंय. जागा ज्या घराची, त्या घरचे पांडुरंगदादा बांधावर बसून हे ऐकत होते. त्यांचे आजोबा मीठ पिकवायचे, हे टेम्पो चालवतात.

“आमच्या आज्याला कोन बोललंच न्हाय, का पान्यात जनावरं हायेत,” ते म्हणाले. “न्हायतर त्यांचं पन भाडं घेतलं असतं.”

मी नीट बघायला वाकले. बांध वरून सुका दिसत होता. खालून नव्हता. गुडघ्यापर्यंत चिखलात गेले, वर आले तेव्हा एक चप्पल खालीच राहिली होती. पांडुरंगदादांनी काठी घालून बघितली, मग मान हलवली. “ऱ्हाऊ द्या. पोरगा पुढच्या टायमाला तिचा पन तपास करल.” त्यांच्या घरातल्या रबरी सपाता पायात घालून मी पुढच्या रिक्षात बसले. दोन्ही डाव्या पायाच्या होत्या, हे मला डोंगरीत उतरल्यावर कळलं.

गार्गी नाक्यावर उभी होती. सडपातळ मुलगी, पाठीवर तिच्याएवढीच बॅग. तिने माझ्या पायांकडे बघितलं. चालता चालता एवढंच म्हणाली, “आज नाही झालं तर मी स्वतःच अर्ज मागे घेणारे. त्यांना किती त्रास द्यायचा?”

हिराबाय धवलारीण आहेत. (लग्नाचे विधी ज्या गाण्यांनी लागतात ते धवले, आणि ते म्हणून लग्न लावणारी बाई ती धवलारीण.) घर मच्छीमारांचं, ओटीवर जाळं पसरलेलं. हिराबायनी आधी पाय धुवायला लावले, मग जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. मला मटण चालतं, माशाच्या काट्यांची भीती वाटते. त्यांनी माझं चाचपत खाणं बघितलं.

“बोंबलाला काटा कुठं हाय, बाय? नुस्तं गिल.”

गिळलं. दुसरा मागून घेतला.

जेवण झाल्यावर गार्गीने हळूच विषय काढला. हिराबाय चिडल्या नाहीत, हीच अडचण होती. त्या गार्गीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, “पोरी, मी गानार न्हाय असं कवा बोलली? नवरा-नवरी आन. धवल्यात पयलं नाव देवांचं, मंग नवरीचं, मंग नवऱ्याचं. देवांना बोलवायचं आन ते आल्यावर सांगायचं, लगीन न्हाय, हिच्या कम्पूटरसाठी बोलावलं?”

“मी म्हटलं होतं, कुठलीही दोन नावं घ्या,” गार्गी मला म्हणाली.

“खोट्या नावांचं लगीन?” हिराबायनी कपाळाला हात लावला.

“मग गावातल्या खऱ्या लग्नात रेकॉर्ड का नाही करत?” मी विचारलं. मला वाटलं, मी प्रश्न सोडवला.

“तिथे डीजे असतो, ताई,” गार्गी म्हणाली. “तीन लग्नांना गेले. आवाजात आवाज मिसळतो, नंतर वेगळा काढता येत नाही.”

गार्गी वायर गुंडाळायला लागली. ती वायर ती फार नीट गुंडाळत होती, आणि मला ते बघवेना. मी म्हटलं, “आमचं लग्न नोंदणी कार्यालयात झालं. गाणं-बिणं काही नव्हतं. सही केली, वडा-सांबार खाल्लं, दुकान उघडलं.”

हिराबाय माझ्याकडे वळल्या. “म्हंजे तुजं लगीन अजून लागलंच न्हाय?”

“लागलंय की. मुलगी नोकरीला लागली.”

“पोरगी झाली. लगीन न्हाय झालं.” त्या उठल्या. “नवऱ्याला फोन लाव.”

मी लावला. विलास दुकानात होते.

“अहो, तुमचं लग्न लावतायत.”

“कुणाशी?”

“माझ्याशीच.”

“परत?” मग म्हणाले, “मला यावं लागेल का?”

“नाही.”

“मग लावा.”

हिराबायना मात्र नवरा समोर हवा होता. शेवटी व्हिडिओवरचे विलास एका पाटावर, तांदळाच्या राशीला टेकवून ठेवले. समोरच्या पाटावर मी, दोन डाव्या सपाता बाजूला काढून. मधे गार्गीची ओढणी अंतरपाट म्हणून शेजारच्या दोघींनी धरली. एकीने माझ्या गालाला हळद लावताना विचारलं, “नवरी एवढी का घामाघूम झालीय?” दुसरी म्हणाली, “नवऱ्याला रेंज न्हाय मिलली तर?”

मग हिराबायनी डोळे मिटले आणि सुरू केलं.

मला गाण्यातलं काही कळत नाही. आवाज मोठा नव्हता, गोडही म्हणता येणार नाही. पण त्यात गावचे देव आले, समुद्र आला, माझ्या आईचं नाव आलं, जे त्यांनी मघाशी जेवताना विचारून ठेवलं होतं. मग माझं आलं. हजेरीत, बिलावर, रेशनकार्डावर माझं नाव घेतलेलं मी ऐकलंय. असं घेतलेलं ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. हळद गेली असणार. मधेच फोनमधून कोणीतरी “पाऊण इंची वॉशर आहे का?” असं विचारलं. विलासनी त्याला हाताने गप्प केलं. हिराबाय थांबल्या नाहीत. गार्गीच्या संगणकावर एक रेघ खालीवर होत राहिली आणि गार्गी तोंडावर हात दाबून रडत होती की हसत, ते कळेना.

परतीच्या बसमध्ये मी अहवाल मनात मांडत होते. एकाच रस्त्यावर तीन मुलं तीन प्रश्न घेऊन बसली होती: माणूस पडतो का, मिठात जगतं काय, आणि गाणं कुणासाठी असतं. तिघांनीही मला उत्तर सांगितलं नाही. एकाने उभं केलं, एकाने चिखलात नेलं, एकीने बोहल्यावर चढवलं. हे संशोधन आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर तयार होतं. मी स्वतःवर फार खूश होते.

ही खुशी समितीच्या बैठकीपर्यंत टिकली. अहवाल वाचून सचिवबाईंनी चष्मा काढला.

“सुलभाताई, तुम्ही गार्गीच्या संशोधनात सहभागी झालात. आता त्यावर मत देता येणार नाही.”

“मग मी बाहेर बसते.”

“तुम्ही बाहेर गेलात तर सामान्य व्यक्ती उरत नाही. ती नसेल तर बैठकच होत नाही.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “एक मार्ग आहे. तुम्ही गार्गीला दिलेली संमती मागे घ्या. मग तुमचं रेकॉर्डिंग पुसतील आणि तुम्ही बसू शकाल.”

गार्गी दाराशीच होती. ती म्हणाली, “घ्या ताई मागे. मी बघते काहीतरी.” बघण्यासारखं काही नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. निघताना हिराबायनीच सांगितलं होतं, एका जोडप्याचा धवला एकदाच.

ती खुर्ची मला आवडायची. तिथे चहा कपबशीतून येतो आणि वकील आपल्याला ‘ताईंचं म्हणणं बरोबर आहे’ म्हणतात. मी तिथेच राजीनामा लिहून दिला. माझ्या जागी आमच्या दुकानाशेजारच्या, शिवणकाम करणाऱ्या सुनंदाताईंना घेतलं. त्यांना समजवायला मला दोन ब्लाउज शिवायला टाकावे लागले. पुढच्या बैठकीला मी आणि गार्गी बाहेरच्या बाकावर बसलो. आत काय विचारतात ते ऐकू येत नव्हतं, आणि आपल्यावर आत बोलणं चाललंय हे किती वाईट असतं ते मला तेव्हा समजलं. दार उघडलं. सुनंदाताईंनी लांबूनच मान डोलावली. गार्गीचं काम पुढे चालू राहणार होतं.

तिने आम्हाला गाण्याची प्रत पाठवली. विलासनी ती दुकानात, काउंटरशी उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. समोर दोन जण पाइप घ्यायला उभे होते. संपल्यावर मी म्हटलं, “अहो, गिऱ्हाईक थांबलंय.”

“थांबू दे,” म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.