तासात फुल्ल

आमच्या गल्लीचे वायरमन डीपीखाली आले की आधी कान लावायचे. वर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोय, खाली हे डोळे मिटून उभे. मग म्हणायचे, "दमानं घ्या की जरा. दमलीया ती." असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. रोज पेठ वडगावहून यायचे. घरी म्हातारी आई आणि हे, दोघंच.

पहिल्यांदा बॅटरीच्या स्कूटर आल्या तेव्हा मामा खूश होते. आठ तास सावकाश चार्जिंग, डीपीला पत्ताही लागत नसे. पण आम्ही पडलो कोल्हापूरकर, आठ तास कोण थांबतंय? माझ्या वर्कशॉपवाल्या मित्रानं जुन्या वेल्डिंग मशिनमधून 'तासात फुल्ल' चार्जर बनवून दिला. बघता बघता गल्लीत सहा झाले. संध्याकाळी सातला सगळे कामावरून येऊन एकदमच लावायचे. बल्ब पिवळे पडायचे, मिक्सर चटणीत रुतायचा आणि एखाद्या दिवशी डीपी धाडकन उडायची.

असं दोनदा झालं. साहेबांनी मामांना बजावलं, आता उडाली तर चंदगडला बदली.

"तिथं चार म्हैने पाऊस," मामा म्हणाले. "खांबावर चढायचं का पोहायचं? आन् आईला कुणाच्या जिवावर सोडू?"

मग त्यांनी उसाच्या पाण्यासारखी चार्जिंगची पाळी लावली. डीपीशेजारच्या भिंतीवर खडूनं नावं लिहिली, दिवसाला एकच चार्जर. माझी पाळी शुक्रवारी.

बुधवारी मेव्हणा स्टेशनावर उतरणार होता. त्याला आणायला जाऊन गाडी दाखवायची मला भारी खुमखुमी. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चार्जरवर रजई टाकली आणि बटण दाबलं. माझा चार्जर सगळ्यांत थोरला. डीपी गेली.

मामा माझ्या घरी आले, रजईवर हात ठेवला. गरम होती. तसेच माघारी गेले. रिपोर्टात लिहिलं, 'खार शिरली.' साहेबांनी विचारलं, मग मेलेली खार कुठाय? मामा म्हणाले, "पळाली, साहेब."

बदली झालीच.

मी एसटी स्टँडवर गेलो. चंदगडच्या गाडीत खिडकीशी मामांची आई बसलेली, कडक उन्हात रेनकोट घालून. पलीकडे मामा. मी खिडकीपाशी गेलो.

"मामा, चुकलं माझं."

"असू दे की. आई येतीया संगट."

म्हातारीनं मला खालीवर न्याहाळलं. "ह्योच व्हय रं ती खार?"

"व्हय," मामा म्हणाले.

तिनं पिशवीत हात घातला आणि खिडकीतून मूठभर भाजके शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

"खा बाबा," म्हणाली. गाडी सुटली.