मगातली अर्धी ब्लेडं

पेणच्या डॉक्टरांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कावीळच आहे. पण पाण्यातून होते ती नाही. ही हिपॅटायटिस बी. म्हणजे रक्तातून शिरलेल्या विषाणूमुळे यकृताला आलेली सूज."

त्याआधी बरेच दिवस जेवण जात नव्हतं, लघवी गडद होत होती. डोळे पिवळे दिसतात असं बायको म्हणाली, तर मी हसण्यावारी नेलं. माघी गणपती जवळ आले होते. दिवसभर मी मूर्तींची पिवळी पीतांबरं रंगवत होतो. "अगो, रंग उडालाय," म्हणालो आणि पुन्हा ब्रश धरला.

"सुई, वस्तरा, कुणाचं रक्त लागलं, असं काही?" डॉक्टरांनी विचारलं.

नाही म्हणणार होतो, तेवढ्यात पत्र्याचा मग डोळ्यांसमोर आला.

पेणजवळ जोह्याला माझा गणपतीचा कारखाना आहे. साच्यातून मूर्ती निघाली की सांध्यावर रेघ उरते. ती आम्ही दाढीच्या ब्लेडने खरवडतो. ब्लेड उभं मोडून त्याची दोन करायची, मगात टाकायची, ज्याला लागेल त्याने उचलायचं. बोट कापलं की वर प्लास्टर ऑफ पॅरिसची चिमूट दाबायची आणि पुढचा गणपती घ्यायचा. ही रीत मीच लावली होती, आणि काटकसर म्हणून मिरवलीही होती.

"सुकलेल्या रक्तातही हा विषाणू आठवडाभर टिकतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बहुतेक पूर्ण बरे व्हाल. विश्रांती घ्या, साधं जेवा, दारू नको, झाडपाल्याचं औषध नको. पण त्या मगाजवळ बसणाऱ्या सगळ्यांना तपासायला आणा."

एसटीत बसल्यावर मनात आलं, गणपती होऊन जाऊ देत, मग सांगू. हे लिहिताना आजही लाज वाटते. कारखान्यात शिरलो तर कुसुमवहिनी, माझ्या चुलतभावाची बायको, मगात हात घालत होती. मी ओरडलोच.

"अवो भावजी, ब्लेड हाय, इंचू नाय!" ती म्हणाली. सगळे हसले.

मग मी सगळं सांगितलं. हसू थांबलं.

सगळ्यांची HBsAg तपासणी झाली. रक्तात हा विषाणू आहे का, ते तिच्यातून कळतं. रिपोर्टची वाट पाहताना माझी भूक पुन्हा गेली, आणि ती काविळीमुळे गेली नव्हती.

बाकी सगळ्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले, एक दत्तू सोडून. दत्तू रोह्याचा. मूर्तीचे डोळे आखतो. कधी आजारी पडलेला मला आठवत नाही. "हा वाहक आहे," डॉक्टर म्हणाले. "विषाणू अंगात राहतो, माणूस धडधाकट दिसतो."

दत्तूने स्वतःच सगळ्यांसमोर विचारलं, "म्हंजे भाऊ, तुमाला माझ्यामुळं झाली?"

क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्याच्याकडे पाहवेना. कुणाचा विषाणू कुणाला लागला ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी म्हणालो, "तो पत्र्याचा मग तर माझाच होता ना, दत्तू."

दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. अंगात थोडी ताकद आल्यावर मी रेल्वेने रोह्याला गेलो.

"देवाचं डोळं काढायचं, आनि रक्त असलं," तो म्हणाला.

"डोळे तू रंगाने काढतोस, रक्ताने नाही," मी म्हणालो. शिवण्याने, एका ताटात जेवण्याने हे पसरत नाही, हेही सांगितलं. त्याच्या बायकोमुलांना तपासलं आणि इतरांसोबत त्यांनाही लस दिली. पहिली सुई, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. दत्तूला लसीचा उपयोग नाही. तो दारूला शिवत नाही आणि ठरल्या वेळी यकृताची तपासणी करून येतो.

तुमच्याकडेही असा एखादा मग असेल, तर कुणी पिवळं पडायची वाट पाहू नका. आमच्याकडे आता प्रत्येकाचं ब्लेड वेगळं, मुठीत बसवलेलं, आणि मुठीला ज्याचा त्याचा रंग.

श्रावणात सगळ्यांची तिसरी सुई झाली. माझा रिपोर्ट त्याआधीच निगेटिव्ह आला होता. दत्तू परत येऊन डोळ्यांच्या आखणीला बसला, पण चहा आला की कप घेऊन लांब जायचा. एक दिवस कुसुमवहिनीने त्याच्या हातातला कप काढून घेतला, अर्धा चहा बशीत ओतून ती स्वतः प्यायली आणि तिने कप त्याच्यापुढे ठेवला.

"बस हितंच. पी लवकर, नायतर गनपती आंधळंच जायाचं."