फोननं विचारलं, नक्की का?

फोन आपल्या हातात दिला की ती स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. नाहीतर तिचं बोट मधे आलंच समजा. "मी काहीबी सांगणार न्हाई, चाचा. मनात येईल ते मोठ्यानं बोला." एवढं म्हणून गप्प. पण पाय गप्प राहायचा नाही. माझ्या दुकानातलं स्टूल तिच्या पायानंच खिळखिळं झालं.

आमच्या गल्लीतल्या मास्तरांची ही लेक. पुण्यात मानसशास्त्र शिकली. फोनच्या पडद्यावर कुठं काय ठेवावं, माणूस काय बघून काय दाबतो, हे ठरवायची नोकरी तिला लागली. घरून काम करता येतं म्हणून अहमदपूरला परत आली. मी स्टँडसमोरचा शिंपी, शाळा तिसरीपर्यंत. असली नोकरी असते हेच मला पटेना.

"दाबायचं काय शिकवायलीस लोकायला?"

"शिकवत न्हाई, चाचा. लोकं काय दाबायलेत ते बघायले."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना कुठलीच वस्तू आहे तशी बघवत नाही. दुकानात पंखा लावायला जावं तर दिवा लागायचा. इतकी वर्षं मी चालवून घेतलं. एक दिवस तिनं पंख्याच्या खटक्यावर शर्टाचं लाल बटण चिकटवलं. मी रागानं काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "तुमचं चुकत न्हाई, चाचा. बोर्डाचं चुकतंय." हे तिचं ठरलेलं बोलणं. मग राहू दिलं. तिला कबूल केलं नाही, पण तेव्हापासून पंखाच लागतो.

मग तिच्याकडं किनवटचं काम आलं. जंगलातल्या वाड्यांवर कळा सुरू झाल्या की बाईनं फोनवर गाडीचं चित्र दाबायचं, दवाखान्याची गाडी येणार. ते गल्लीतल्या बायकांकडून दाबवून बघायला ती दुकानात आली. माझी सून त्याच तालुक्यातली. पोटुशी होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची होती. म्हणजे हे आमच्याच घरचं काम. मीच सुनेला आतून हाक मारली.

सुनेनं चित्र बरोबर दाबलं. फोननं विचारलं, "नक्की गाडी बोलवायची का?" सून थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं.

"अब्बा, बुलाऊं क्या?"

मला बरं वाटलं. आमच्या घरची रीतच आहे ती. "बुला," म्हणलं.

मास्तरांची लेक उठून उभी राहिली होती. "चाचा, तिथं तुम्ही नसणार."

"तिचा बाप असंल की."

"तो रानात गेला असला तर?"

"तर तो येऊपर्यंत..."

ती मशीन ते उंबरा, उंबरा ते मशीन चालायला लागली. "गाडी पाहिजे हे तिनं ठरवलं होतं, चाचा. फोननं विचारलं आणि तिला वाटलं, आपण कोण ठरवणार? घाबरलेलं माणूस, त्यात सून. प्रश्न आला की मोठ्यांकडंच बघणार!"

तिच्या साहेबांना हे पटेना. चुकून दाबलं तर गाडी फुकट जाईल, एवढंच त्यांचं. ती दुकानासमोर फेऱ्या मारत फोनवर भांडायची आणि पानवाला पान लावायचं सोडून ऐकायचा. "फुकट गेली तर जाऊ द्या, सर! आधी निघू द्या. मग म्हणा, नको असेल तर थांबवा!" एकदा मी कात्री हातात घेऊनच बाहेर आलो. "दे इकडं, मी बोलतो साहेबाला."

"बसा, चाचा. आहे ती नोकरीबी घालवता माझी."

सून माहेरी गेली आणि आठवड्यात हीही किनवटला निघाली. तिथल्या बायका त्या प्रश्नापाशी कशा थांबतात, ते साहेबांना दाखवते म्हणाली. मी स्टँडवर सोडायला गेलो. अर्धी गाडी रिकामी, तरी ही दांडा धरून उभीच.

पुढं एका दुपारी सुनेचा फोन आला. मागं इंजिनाची घरघर.

"अब्बा, दर्द शुरू हुए. घर में कोई नै था. गाडी बुलाई मैं."

"फोन पूछा नै?"

"नै, अब्बा. सीधा लिखके आया, गाडी निघाली."

मला न विचारता? हे ओठावर आलं होतं, खोटं कशाला बोलू. गिळलं. "अच्छा किया," म्हणलं, आणि हातातलं शिवण कुठं ठेवलं ते संध्याकाळपर्यंत सापडलं नाही.

नात झाली. मायलेकी चांगल्या. पेढे घेऊन मास्तरांकडं गेलो. ते म्हणाले, तो प्रश्न तिनं काढायला लावला, पण साहेबांशी बिनसलं ते बिनसलंच. नोकरी सोडून ती किनवटहूनच हैदराबादला गेली, दुसरं काम बघायला. नातीचं त्यांनाही माहीत नव्हतं, मग तिला कुठून असणार?

"फोन लावून देऊ का?" मास्तरांनी विचारलं.

नको म्हणलं. तुम्हीही काही कळवू नका म्हणलं. हे मी समोर बसवून सांगणार, आणि सांगताना तिचं तोंड बघणार.

तेव्हापासून हैदराबादकडची गाडी स्टँडात शिरली की मशीनवरचा माझा पाय थांबतो. माणसं उतरतात, सामान सावरतात, पांगतात. मग कंडक्टर दार ओढून घेतो.