पुसलेलं कार्ड आणि सलीमभाई

समस्त बीड जिल्ह्यास गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, कडा गावच्या सलीमभाईंचा एकाही माणसावर विश्वास नव्हता. ते घड्याळं दुरुस्त करत आणि मेमरी कार्डातले पुसले गेलेले फोटो परत काढून देत. चहा आला की आधी कप उचलून खालून बघत. काय शोधता विचारलं तर म्हणत, "सापडल्यावर सांगतो."

गेल्या वर्षी ते गेले. त्याआधी एकदा मी त्यांच्या तावडीत सापडलो. मी लग्नाचे फोटो काढतो. आबा देशमुखांच्या लेकीच्या लग्नाचं कार्ड मी संगणकावर न उतरवताच फॉरमॅट केलं होतं. दुसरी प्रत नव्हती.

"तुमी पुसलं, का कुणी पुसवलं?"

"माझ्याच हातून झालं."

"सगळे असंच म्हणतात."

मग त्यांनी समजावलं. "ह्यात खण असतात. कोणता फोटो कोणत्या खणात सुरू होतो, त्याची यादी असती. पुढचा खण कोणता, रिकामा कोणता, त्याचा तक्ता असतो. तुमी यादी आन तक्ता कोरा केला. माल हाय तिथंच हाय. पण कार्डाला वाटतं, सगळं रिकामं. नवा फोटो काढला की ते पहिल्या खणापासून भरत जातं. नंतर काय काढलं?"

"काहीच नाही."

"एक बी न्हाई?"

"शप्पथ."

"शप्पथ कावून घेतली? मी मागितली न्हवती."

तासाभरात सप्तपदी आली, पंगत आली, पाठवणी आली. सुरुवातीची हळद मात्र आली नाही. सलीमभाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर, फ्लॅश तपासायला म्हणून, मीच माझे काढलेले अकरा फोटो.

"हे तर कार्ड लावल्या लावल्या यादीत दिसलते," ते शांतपणे म्हणाले. "तुमी कवा कबूल करता, तेवढं बघत होतो."

एवढ्यात मला शोधत आबाच दुकानात आले. "आधी हळदीचे दाखवा. पोरगा फौजेत. हळद लावली अन् सुट्टी संपली म्हणून गेला, लग्नाला न्हवता. बहीण-भावाचे तेवढेच फोटो."

कार्डच खराब निघालं, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सलीमभाईंनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"आबा," मी बोलून गेलो, "हळदीच्या जागी मी भजी खातोय."