एकोणचाळीस बदल

काकूंनी साहेबांवर डूख धरला होता आणि ते त्या लपवतही नसत. कारण साधं होतं. कंपनीची स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा होती, ती काकूंनी घडवलेली. मजकुरातला एक शब्द काढून दुसरा घालायची आज्ञा तिच्यात होती. काम उरकल्यावर त्या आज्ञेने परत काय द्यायचं? काकू म्हणाल्या, बदललेला मजकूर. साहेब म्हणाले, "किती बदल झाले तो आकडा. गिऱ्हाइकाला आकडे आवडतात." साहेबांपुढे कोणाची डाळ शिजणार!

व्हायचं तेच झालं. लोक आज्ञेला मजकूर देत आणि ती जे परत देई ते मजकुराच्याच जागी ठेवून देत. एका छापखान्याचं अख्खं पुस्तक असं गेलं, उरला नुसता आकडा. साहेबांनी भर बैठकीत खापर काकूंच्या डोक्यावर फोडलं. "बाईंना एवढंही जमलं नाही!" तेव्हापासून काकू त्यांच्याशी कामापुरतं बोलत, आणि वाट बघत.

पुढे या भाषेच्या वाढदिवसाचा समारंभ ठरला. निवेदिकेने मंचावरून वाचायचं भाषण म्हणून हाताखालच्या पोरांनी तिची जन्मकथा लिहिली, काकूंकडून तपासून घेतली आणि साहेबांकडे पाठवली. पाहुणे यायला लागले, तसे साहेब घामाघूम होऊन काकूंच्या टेबलाशी आले.

"काकू, सगळं भाषण गेलं हो! फाइलमध्ये नुसता एकोणचाळीस आहे."

"म्हणजे एकोणचाळीस बदल झाले. कसले बदल करत होतात?"

साहेब रुमालाने घाम पुसू लागले. काकू उठल्या आणि सरळ त्यांच्या खोलीत गेल्या. शेवटची आज्ञा अजून पडद्यावरच होती: जिथे जिथे काकू, तिथे तिथे साहेब. काकूंच्या अंगाची लाहीलाही झाली. मग हसूच आलं.

"मूळ प्रत असेल ना तुमच्याकडे?" मागून साहेब पुटपुटले.

"आहे की. देते ना."

दिली, पण साहेबांच्या हातात नाही, थेट निवेदिकेच्या. देण्याआधी त्यात स्वतःचं एक वाक्य घातलं: आकडा परत द्यायची कल्पना मात्र सर्वस्वी साहेबांची.

निवेदिका खणखणीत आवाजात वाचत गेली. काकूंनी सुचवलं, काकूंनी लिहिलं, काकूंनी निस्तरलं. दर वाक्याला टाळ्या पडत होत्या, आणि मंचावर मधोमध बसलेल्या साहेबांना पाहुण्यांदेखत त्या वाजवाव्या लागत होत्या. काकू पहिल्या रांगेत बसून त्यांचे हात बघत होत्या.