भिंतीवरचे काळे केस

मृत्युदराचा अभ्यास करणारी माझी मैत्रीण कुठल्याही घरात गेली, की आधी भिंतीवरचे हार घातलेले फोटो पाहते. टेकडीखालच्या सोसायटीत फोटोंतले केस पांढरे होते. वरच्या खाणकामगारांच्या वस्तीत पांढरा केस दिसेना. माणूस किती जगणार हे आधी त्याचा पत्ता ठरवतो, असे ती म्हणते. सोसायटीचा दगड याच खाणीतला.

वस्तीतल्या सुनंदाबाईंच्या घरात सासरे आणि दोन थोरले दीर ओळीने टांगलेले होते. सासरे मुलांहून तरुण दिसत होते.

"आमच्यात म्हातारं व्हायला सवड कुणाला हाय, ताई?" सुनंदाबाई हसल्या. "खाणीची धूळ छातीत बसती."

शेवटच्या फोटोशेजारी रिकामा खिळा होता. मैत्रिणीने त्याकडे बोट दाखवले.

"दिराचा फोटो लावताना ह्यांनीच ठोकला. म्हणले, हातात हातोडी हायच, तर माझाबी ठोकून घेतो."

तेवढ्यात दारात एक म्हातारा उभा राहिला. केस, भुवया, मिशा, सगळे पांढरे.

"आलात? तोंड धुवा आधी," सुनंदाबाई म्हणाल्या.

त्यांच्या नवऱ्याने अंगणात डोक्यावर तांब्याभर पाणी ओतले. केस काळे झाले.